पाव सेकंद

काळ ताणता येतो, हे मराठी माणसाला यंत्राने शिकवायची गरज नाही. सत्कार-समारंभात "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे" असं म्हणून उभा राहिलेला वक्ता त्या दोन शब्दांची चाळीस मिनिटं कशी करतो, हे आपण सगळ्यांनी सतरंजीवर बसून अनुभवलेलं आहे. "पाच मिनिटांत सुटतेय" म्हणणाऱ्या कंडक्टरची पाच मिनिटं, "जरा टेकतो" म्हणून आलेल्या पाहुण्याचं टेकणं आणि "आलेच हं" म्हणून शेजारणीच्या दारात थांबलेल्या सौभाग्यवतींचं येणं, ही सगळी काळ ताणण्याचीच उदाहरणं. यात विशेष असं की, काळ कितीही ताणला तरी बोलणाऱ्याची पट्टी बदलत नाही. वक्ता ज्या सुरात 'अध्यक्षमहाशय' म्हणतो, त्याच सुरात चाळीस मिनिटांनी 'जय महाराष्ट्र' म्हणतो. हे जरा ध्यानात ठेवा. यंत्राला एवढी गोष्ट साधायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

मला या विषयाचा नाद लागला तो पुतणीमुळे. ती ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेते. आमच्या वेळी शिक्षण म्हणजे विज्ञान, नाहीतर वाणिज्य, आणि अगदीच नाइलाज झाला तर कला. आवाज टिपण्याचं शिक्षण घ्यावं लागतं हे ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यात काय शिकायचं? आपल्या चाळीत भिंतीला कान लावला की सगळं टिपलं जायचं." तर ही पुतणी एका रविवारी आली आणि, निवृत्त झाल्यापासून काकांचा वेळ जात नाही या घरातल्या सार्वत्रिक समजुतीला अनुसरून, तिने माझ्या संगणकावर 'ऑडॅसिटी' नावाचं एक ॲप बसवून दिलं.

"काका, हे फुकट आहे," ती म्हणाली.

या एका वाक्याने माझा सगळा विरोध मावळला. ऑडॅसिटी या इंग्रजी शब्दाचा अर्थ धाडस किंवा धार्ष्ट्य. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी मिळून १९९९ साली ते करायला घेतलं आणि २००० साली जगाला फुकट देऊन टाकलं. एवढी मेहनत करून वस्तू फुकट द्यायची म्हणजे धार्ष्ट्यच म्हणायचं.

पहिल्या दिवशी मी स्वतःचाच "हॅलो, हॅलो" टिपला. पडद्यावर सुरवंटासारखी एक केसाळ आकृती उमटली. पुतणी म्हणाली, "आता जवळ जा." मी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही नाही हो, चित्र मोठं करा!" मी करत गेलो. सुरवंटाची डोंगररांग झाली, डोंगररांगेच्या लाटा झाल्या, लाटेची एकच वळणदार रेघ झाली आणि शेवटी त्या रेघेवर सुटे सुटे ठिपके दिसायला लागले.

"अगं, ही तर ठिपक्यांची रांगोळी!"

"सॅम्पल म्हणतात त्याला," ती म्हणाली. पण मला माझाच शब्द बरा वाटला आणि अजूनही वाटतो. आवाज म्हणजे हवेचं पुढेमागे होणं. यंत्र सेकंदाला ४४,१०० वेळा डोकावून बघतं आणि हवा त्या क्षणी कुठे आहे तिथे एक ठिपका ठेवतं. इतकी कडक नजर मी आजवर फक्त आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची पाहिली आहे. त्यात पुन्हा प्रत्येक ठिपका ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर बसायचा हेही ठरलेलं असतं. ठिपके जोडले की रेघ होते, रेघेबरहुकूम स्पीकरचा पडदा हलतो आणि 'हॅलो' ऐकू येतं. उंबऱ्यापुढची रांगोळीही ठिपके नीट पडले तरच साधते.

आता ४४,१०० हा आकडा आला कुठून? मी नोकरीभर हिशेबाच्या खात्यात काढली, त्यामुळे सुटे शंभर दिसले की मला चैन पडत नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येतं. कंपन टिपायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा डोकवावं लागतं. म्हणजे ४०,००० आणि वर थोडे, हे समजलं. ते 'थोडे' मात्र नेमके ४,१०० का, तर त्याला कारण टेलिव्हिजन. सुरुवातीला हे आकडे साठवायला व्हिडिओ टेप वापरत. एका पद्धतीच्या टेलिव्हिजनमध्ये वापरता येणाऱ्या २४५ ओळी, प्रत्येक ओळीत ३ ठिपके, आणि सेकंदाला ६० वेळा. दुसऱ्या पद्धतीत २९४ ओळी, ३ ठिपके, ५० वेळा. दोन्ही गुणाकार करून बघा. मी कागदावर केले. दोन्हीकडे ४४,१०० च येतात! दोन निराळ्या खंडांतल्या पत्रिका इतक्या जुळलेल्या पाहून मला भरून आलं. १९८२ साली सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन.

ठिपके दिसले की त्यांच्यावर हात चालवावासा वाटतो. ॲपमध्ये एक पेन्सिल मिळते. तिने एकेक ठिपका उचलून वर-खाली करता येतो. जुन्या मुद्रणात 'टक्' असा आवाज असला तर तिथे पाच-दहा ठिपके उंटासारखे मान वर करून बसलेले दिसतात; त्यांना रांगेत बसवलं की 'टक्' नाहीसा होतो. हे करताना मला जे समाधान मिळालं ते पस्तीस वर्षांच्या नोकरीत कर्मचाऱ्यांना रांगेत बसवताना मिळालं नव्हतं.

मग घरात प्रयोगांचं युग सुरू झालं. देवघरातली घंटा मी टिपली आणि तिचा पहिला 'टण्' तेवढा कापून टाकला. उरलेली घंटा ऐकली तर ती घंटाच नव्हे! कुणीतरी दूर सनईचा सूर धरून बसल्यासारखं वाटलं. पॅरिसमध्ये रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफर या गृहस्थाने १९४८ साली तबकडीवर हाच प्रयोग केला होता. आवाजाची ओळख त्याच्या पहिल्या ठोक्यात असते. तो कापला की घंटासुद्धा परकी होते. याच शेफरसाहेबांनी त्या साली रेल्वेच्या इंजिनांचे आणि डब्यांचे आवाज जोडून संगीताचा एक तुकडा केला. आपण आयुष्यभर दादर ते ठाणे तेच संगीत उभ्याने ऐकलं, पण त्याचे पैसे रेल्वेला दिले.

दुसरा प्रयोग कुकरच्या शिट्टीचा. ॲपमध्ये 'पॉलस्ट्रेच' नावाची एक युक्ती आहे. रोमानियातल्या पॉल नावाच्या माणसाने ती काढली, म्हणून हे नाव. ती आवाज पन्नासपट, शंभरपटही लांबवते. मी कुकरची तीन सेकंदांची शिट्टी अडीच मिनिटांची केली. खोलीत चर्चमधल्या ऑर्गनसारखा गंभीर, आभाळ भरून यावं तसा नाद घुमायला लागला. सौभाग्यवती पदर खोचून आल्या आणि क्षणभर दाराशीच थबकल्या.

"हे कुठल्या महाराजांचं लावलंय?"

"तुझा कुकर आहे."

"मग बंद करा. तीन शिट्ट्यांचा भात आहे, तुमच्या हिशेबाने संध्याकाळ होईल."

काळ ताणण्यात खरी अडचण काय आहे, हे आमच्या पिढीला चांगलं ठाऊक आहे. ग्रामोफोनला १६, ३३, ४५ आणि ७८ असा आकड्यांचा खटका असायचा. घरात मोठं माणूस नसलं की ३३ ची तबकडी ७८ वर लावायची हा आमचा खेळ. मग धीरगंभीर गायकसुद्धा उंदरासारखे चिरकायला लागत. अमेरिकेत रॉस बॅगडॅसेरियन नावाच्या माणसाने १९५८ साली हाच पोरखेळ व्यवस्थित केला. निम्म्या वेगाच्या टेपवर सावकाश गाऊन ती नेहमीच्या वेगाने वाजवली आणि गाणाऱ्या खारींचं आख्खं कुटुंब जन्माला घातलं. त्यावर त्याने नाव आणि पैसा दोन्ही मिळवलं. आम्हाला त्याच कामाबद्दल पाठीत धपाटा मिळाला.

म्हणजे जुन्या यंत्रात वेग आणि पट्टी एका कुटुंबात राहायचे. वेग वाढला की पट्टी चढायची, वेग उतरला की पट्टीही उतरायची. नव्या ॲपमध्ये या दोघांची वाटणी झाली आहे. तिथे तीन निराळी खाती असतात. 'लय' बदला, पट्टी जागची हलत नाही. 'पट्टी' बदला, लय हलत नाही. आणि 'वेग' या तिसऱ्या खात्यात मात्र जुनं एकत्र कुटुंब अजून नांदतं आहे.

ही वाटणी कशी करतात? पुतणीने मला समजावलं ते असं. आवाजाचे अगदी बारीक, सेकंदाच्या काही शतांश भागाएवढे कण पाडायचे. लांबवायचं असेल तर तेच कण थोडे थोडे एकमेकांवर चढवत पुन्हा पुन्हा ठेवायचे, आखूड करायचं असेल तर मधले काही गाळायचे. कणाच्या आतलं कंपन तेच राहतं, म्हणून पट्टी बदलत नाही. आवाजालाही असे कण मानता येतील, हे डेनिस गॅबॉर या शास्त्रज्ञाने १९४६-४७ च्या सुमारास मांडलं. पुढे होलोग्राफीसाठी १९७१ चं नोबेल मिळालं तेच हे गॅबॉर. १९६६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लॅनागन आणि गोल्डन या दोघांनी दुसरी वाट दाखवली: आवाजात मिसळलेले निरनिराळे सूर गणिताने सुटे करायचे आणि प्रत्येकाला हवं तितकं लांबवून परत एकत्र बांधायचं. हे ऐकून मी पुतणीला म्हटलं, "अगं, सगळं जग कणांचं आहे असं आपल्या कणादाने सांगून ठेवलंय. आणि आमचे पेटीचे मास्तर कणस्वर येत नाही म्हणून माझ्या बोटांवर पट्टी मारायचे!" ती म्हणाली, "काका, तो कण वेगळा." असेल. मार मात्र एकच.

या विद्येचा रोजच्या आयुष्यात उपयोग नाही असं समजू नका. माझी एक आत्येबहीण व्हॉट्सॲपवर सात-सात मिनिटांचे निरोप बोलून पाठवते. ते मी दीडपट वेगाने ऐकतो. पट्टी तीच, माया तीच, फक्त तिच्या गुडघेदुखीला सव्वादोन मिनिटं कमी लागतात. हे तिला कळलं तर ती माझ्याशी बोलायची नाही, आणि मग दुप्पट वेगाने ऐकायलाही काही उरायचं नाही.

ताणण्याची हौस मात्र माणसाला फार. नॉर्वेच्या लाइफ इंगे या कलावंताने २००२ साली बीथोव्हनची नववी सिंफनी, पट्टी न बदलता, चोवीस तासांची केली. तास-सव्वा तासाची मूळ चीज! उलट आपल्याकडे आखूड करण्याची थोर परंपरा. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजान पहिल्यांदा तबकडीसाठी गायल्या तेव्हा एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावत. तासभराचा ऐवज त्यांनी त्या तीन मिनिटांत बसवला, आणि शिवाय शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायलाही वेळ काढला, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या माणसांना कोण गायलं ते कळायला हवं. हे काम कुठल्याही कणांशिवाय झालं. याला गवई म्हणतात.

तेव्हा मला वाटलं, आपण उलटं करून बघू. एक द्रुत तान घेतली आणि ती आठपट लांबवली. कल्पना अशी, की आता घरबसल्या विलंबित तयार होईल. झालं काय, तर गुंगीत गेलेल्या माणसाची द्रुत तान झाली. अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झूमऱ्यात चौदा मात्रा असतात, आणि दोन मात्रांच्या मधे एवढी जागा की माणूस तिथे बिऱ्हाड करून राहील. पण त्या जागेत खाँसाहेब स्वस्थ बसलेले नसतात. पुढचा सूर लावायचा की नाही, कुठून लावायचा, हा विचार तिथे चाललेला असतो आणि आपण तो ऐकत असतो. यंत्राने केलेल्या जागेत विचार नसतो. तिथे आधीचाच कण पुन्हा येतो, मग पुन्हा तोच येतो. विलंबित म्हणजे सावकाश केलेलं द्रुत नव्हे, एवढं मला एका दुपारात आणि वीज मंडळाच्या खर्चाने कळलं. म्हणजे माझ्याच खर्चाने.

एवढा सगळा खटाटोप मी नुसत्या हौसेने करत नव्हतो, हे पुतणीच्या लक्षात आलं होतं. एक दिवस तिने विचारलं, "काका, तुम्हाला नक्की काय ताणायचंय?"

मी कपाटातून एक कॅसेट काढून तिच्या हातात दिली.

ही कॅसेट १९८१ सालची. मी त्या वेळी पेटी शिकत होतो आणि मास्तरांना ऐकवण्यासाठी भूप रागाचे अलंकार टिपत होतो. तीस मिनिटांच्या त्या बाजूवर साडेएकोणतीस मिनिटं माझा भूप आहे. तो पुन्हा ऐकण्याची कुणावर सक्ती नाही. पण बाजू संपता संपता स्वयंपाकघरातून माझी आई हाक मारते, "बाळूऽऽ, दूध बघ रे, उतू जाईल! छ..." आणि तिथे टेप संपते. चार सेकंद. आई १९९६ साली गेली. फोटो आहेत, पण त्यांतही ती बहुतेक कडेला, कुणाला तरी वाढायला निघालेली. आवाज म्हणाल तर एवढाच. माझ्या पुतणीने तर आजीला पाहिलेलंच नाही.

संस्कृतच्या तासाला आम्हाला शिकवलं होतं की पाणिनीने स्वरांचे काळावरून तीन प्रकार केले आहेत: एक मात्रेचा ऱ्हस्व, दोन मात्रांचा दीर्घ आणि तीन मात्रांचा प्लुत. कोंबड्याच्या आरवण्यात हे तिन्ही सापडतात असंही सांगतात. आणि प्लुत वापरायचा कधी, तर लांबच्या माणसाला हाक मारताना. म्हणजे काळ ताणण्याचा कायदा आपल्याकडे अडीच हजार वर्षांच्या आसपास जुना आहे आणि तो प्रत्येक आईला उपजत येतो. आईच्या 'बाळूऽऽ'मधला तो 'ऊ' शुद्ध प्लुत आहे. सुरुवातीला माया, मध्यावर संशय आणि शेवटी 'आता उठतोस की येऊ?'

पुतणीने तिच्या कॉलेजातून एक जुना टेपरेकॉर्डर आणला, वायर जोडली आणि आईची हाक पडद्यावर उमटली. चार सेकंद म्हणजे १,७६,४०० ठिपके. मी हिशेब केला: सेकंदाला एक या गतीने ते मोजायचे तर बरोबर ४९ तास लागतील. दोन दिवस आणि एक तास! चार सेकंद म्हटलं की फार थोडं वाटतं. ४९ तास म्हटलं की आई शनिवार-रविवारी राहायला आल्यासारखी वाटते.

मग मी ती ताणली. चारची चाळीस सेकंद केली. पट्टी हलली नाही, पण 'ब' विरघळला, 'ळ' कुठे गेला पत्ता नाही आणि नुसता 'ऊ' समुद्रासारखा खोलीत पसरला. स्वर लांबवता येतात, व्यंजनांना ते सोसत नाही. कानाला गोड होतं, पण त्या 'ऊ'मध्ये माया कुठे संपते आणि संशय कुठे सुरू होतो ते काही केल्या सापडेना. आणि तो शेवटचा 'छ'! आई 'छान वाजवतोस' म्हणणार होती, की 'छे, काय ते तेच तेच' म्हणणार होती? चव्वेचाळीस वर्षं मी त्या 'छ'च्या उंबऱ्यावर उभा होतो. मी तो चाळीसपट लांबवला. 'छान'मधला आ आला नाही, 'छे'मधला ए आला नाही. वाफेच्या इंजिनासारखा चाळीसपट 'छ' तेवढा आला. जे टेपवर आहे ते यंत्र पसरून देतं. जे टेपवर नाही ते त्याच्याकडे नाही.

हे ऐकायला ताई आणि धाकटा भाऊ आले होते. मूळ हाक लावताच ताई म्हणाली, "हा आईचा आवाज नव्हे. आईचा आवाज भरदार होता. हा चिरका आहे."

"मुळीच नाही," धाकटा म्हणाला, "आई अशीच ओरडायची."

"तुला ओरडायची. मला नाही."

तासभर आईच्या पट्टीवरून कुटुंबसभा चालली. शेवटी सौभाग्यवतींना मत विचारलं. त्या म्हणाल्या, "सासूबाईंच्या दोन पट्ट्या होत्या. पाहुणे असतानाची एक आणि पाहुणे गेल्यावरची दुसरी." यावर कुणालाच काही बोलता आलं नाही.

पुतणीने मला विचारलं, "काका, तेव्हा टेपरेकॉर्डर कशावर चालत होता?" सेलवर, मी म्हटलं. सेल मंदावले की उन्हात वाळवून पुन्हा घालायचे ही आमच्या घराण्याची रीत होती. "मग टिपताना टेप हळू सरकली असणार," ती म्हणाली. "हळू टिपलेलं आज नेहमीच्या वेगाने वाजवलं की भराभर आणि वरच्या पट्टीत येणार. पण किती, ते कशावरून ठरवायचं?"

आणि माझ्या लक्षात आलं की साक्षीदार माळ्यावर आहे.

पेटी खाली काढली. धूळ झटकली. पेटीतल्या पितळी पट्ट्या सतारीच्या तारांसारख्या हवेबरोबर उतरत नाहीत. काळी एकच्या पट्टीवर मास्तरांनी चिकटवलेला कागदाचा तुकडा अजून तसाच होता, कारण मला त्या एकाच जागेवरून 'सा' धरायची परवानगी होती. मी काळी एक दाबली आणि पुतणीने टेपवरचा माझा भूप लावला. जुळेना. टेपवरचा 'सा' पांढरी दोनशी जुळला. अर्ध्या सुराचा फरक! तेव्हाचे सेल मंद होते की आजचा टेपरेकॉर्डर अधीर आहे, याची चौकशी करायचं कारणच उरलं नाही. दोघांचे मिळून किती, ते पेटीने सांगितलं.

"म्हणजे ५.६ टक्के वेग उतरवायचा," पुतणी म्हणाली. लयीचं खातं नाही, पट्टीचं खातं नाही. एकत्र कुटुंबाचं ते जुनं 'वेग' खातं. पट्टी आणि काळ दोन्ही एकदमच बिघडले होते, तेव्हा दोन्ही एकदमच जागेवर आणायचे. तिने आकडा घातला. चार सेकंदांची हाक थोडी रुंद झाली. ठिपके १,७६,४०० चे सुमारे १,८६,९०० झाले. मी हिशेब केला: पाव सेकंदाला थोडा कमी. हा पाव सेकंद कुणी ताणून दिलेला नव्हता. तो आईचाच होता आणि इतकी वर्षं मंद सेलांनी दाबून ठेवला होता.

पुतणीने बटण दाबलं.

"बाळूऽऽ, दूध बघ रे, उतू जाईल!"

कुणी काही बोललं नाही. पट्टीबद्दल मत देण्यासाठी सज्ज होऊन बसलेला धाकटा पेटीच्या भात्याकडे बघत राहिला. आणि ताई उठली. बहात्तर वर्षांची ताई, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून उठली, तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि तिने गॅसचं बटण चाचपून पाहिलं. गॅसवर काहीही नव्हतं. दूध सकाळीच तापवून फ्रिजमध्ये गेलं होतं.

चाळीस सेकंदांच्या आईसाठी कुणी जागचं हललं नव्हतं. सव्वाचार सेकंदांच्या आईने ताईला उठवलं. पुतणीने न विचारताच त्या फाइलीला 'आजी' असं नाव दिलं आणि पट्टीचा प्रश्न आमच्या घरात कायमचा मिटला. 'छ'चा प्रश्न मात्र तसाच आहे. ताई म्हणते 'छान', धाकटा म्हणतो 'छे', आणि मी, तिसाव्या मिनिटापर्यंतचा माझा भूप ऐकलेला असल्यामुळे, गप्प बसतो.

आतून ताईचा आवाज आला, "उठलेच आहे तर सगळ्यांना चहा टाकते. बाळूऽऽ, साखर कुठे ठेवलीय रे?"

पुतणीने चटकन मोबाइल काढला आणि टिपायला सुरुवात केली. सेल भरलेला आहे ना, एवढं मी पाहून घेतलं.